चार बोटं उंच

आनंदराव सीटमध्ये बसले ते अगदी ऐटीत. पंचाईत झाली ती उठायची वेळ आल्यावर.

सीट म्हणजे अजून सीट नव्हतीच. प्लायवूडचा साचा, त्यावर फोम, आणि ते सगळं हर्षितने आपल्या दुकानाच्या फरशीवर, गाडीतल्याच उंचीवर मांडलेलं. शेजारी तसाच दुसरा साचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत शर्यती गाजवलेल्या एका उघड्या, दोन माणसांच्या गाडीची हुबेहूब नक्कल आनंदराव आणि त्यांचे जुने मित्र मधुकरराव निवृत्तीनंतर बेसा इथल्या एका शेडमध्ये बनवत होते. पत्रा ठोकून झाला, इंजिन बसलं, चाकं आली. आता फक्त सीटा राहिल्या होत्या, आणि त्या सक्करदऱ्यातल्या हर्षितसारख्या कोणी शिवत नाही, असं सगळेच सांगत. मूळ गाडीत सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. चालवणाऱ्याने पाय लांब पसरून बसायचं. मधुकररावांचा एकच हट्ट होता, जसं तिथे तसंच इथे.

आनंदरावांनी एकदा उठायचा प्रयत्न करून पाहिला, कोणाला कळणार नाही इतपतच. उजवा गुडघा नाही म्हणाला.

"कसं वाटून राहिलं काकाजी?" हर्षितने विचारलं.

"फर्स्ट क्लास. रंग दाखव बरं."

कव्हरच्या रंगांचे तुकडे आले. बसल्या बसल्या त्यांनी मेंदी रंग नापसंत केला, तपकिरी पुन्हा मागवला, शिलाई उभी घ्यावी की आडवी यावर मत दिलं. चहा आला, तोही सीटमध्येच घेतला. साडीच्या दुकानाची पायरी आजवर कधी न चढलेला हा माणूस कडेच्या पायपिंगच्या जाडीवर तावातावाने बोलत होता, आणि त्यांची बायको प्रेमिलाबाई स्टुलावर बसून ते पाहत होत्या.

गुडघ्याचं आनंदरावांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी विहारात वंदनेला सगळे खाली बसत, तेव्हा ते दाराशी उभे राहून लोकांच्या चपला ओळीने लावत. केवढा नम्र माणूस, असं लोक म्हणत, आणि ते म्हणू देत. सांगितलं असतं तर मुलगा गप्प बसला नसता. मागच्या उन्हाळ्यात ते एकदा घसरले, तर पियुषने स्कूटरची किल्ली आपल्या खिशात टाकली ती टाकलीच. ही गाडी मात्र आनंदरावांनीच चालवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पण जो गाडीतून उतरूच शकत नाही, त्याच्या हाती ती कोण देणार?

"उठा गा आता," मधुकरराव म्हणाले. "मलेबी बसून पाहू द्या."

"थांबा न गा. पाठीले फोम कमी वाटून राहिला."

"केव्हाचे तेच करून राहिले तुमी. काहून, शिवून नेता काय अंगाले?"

हर्षित हसला. आनंदरावांच्या कपाळावर घाम आला. पंखा तर डोक्यावरच होता.

तेवढ्यात प्रेमिलाबाई उठल्या. पदर खोचला आणि कोणी काही म्हणायच्या आत दुसऱ्या साच्यात जाऊन बसल्या.

"अवं माय!" त्या ओरडल्या. "मले तं उठताच नाही येऊन राहिलं. भाऊजी, धरा मले! हर्षित, तू इकडून धर!"

दोघेही धावले. एकाने दंड धरला, दुसऱ्याने हात. प्रेमिलाबाई अर्ध्या उठत आणि "थांबा, थांबा" म्हणत पुन्हा बसत. त्या गोंधळात आनंदराव कुशीवर वळले, दोन्ही हात फरशीला टेकवले आणि म्हैस उठते तसे आधी मागून, मग पुढून उठले. कोणी पाहिलं नाही. त्यांनी पँट झटकली आणि शेवटी बायकोला हातही दिला.

"चार बोटं उंच करा ह्या सीटा," त्या दम टाकत म्हणाल्या. "नाही तं मी नाही बसत तुमच्या गाडीत."

मधुकररावांचा चेहरा उतरला. "वहिनी, ओरिजिनलमध्ये असं नाही. डोकं काचेच्या वर जाईन."

"जाऊ द्या. तेवढीच हवा लागन."

आनंदरावांना आता चेव आला. उभ्या माणसाला येतोच. "रेसची गाडी आहे वं, सोफा नाही! तुह्या गुडघ्यापायी सारी मेहनत पाण्यात घालू काय?"

"मंग फिरा एकटेच."

आनंदरावांनी दोन्ही हात वर केले. मग मोठ्या मनाने म्हणाले, "कर गा हर्षित उंच. बायकोपुढे कोणाचं चालते?"

"दोन्ही करू?"

"एक उंच अन् एक ठेंगणी बरी दिसन काय?" प्रेमिलाबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी सुस्कारा टाकला, पण मान हलवली, आणि हर्षितबरोबर नवी मापं घ्यायला आतच थांबले.

घरी नीट पाहायला म्हणून हर्षितने रंगांचे तुकडे पिशवीत घालून दिले होते. दुकानाची पायरी उतरताना ती पिशवी प्रेमिलाबाईंच्या हातून सुटली आणि तुकडे रस्त्याकडेला उभ्या ऑटोखाली गेले. त्या चटकन उकिडव्या बसल्या, हात लांब करून शेवटचा तुकडासुद्धा ओढून काढला, आणि कशाचाही आधार न घेता सरळ उभ्या राहिल्या.

आनंदराव पाहतच राहिले. ही बाई रोज उकिडवी बसून अंगण झाडते, भिवापूरची मिरची आली की दुपारभर जमिनीवर बसून देठं खुडते, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? आणि आपण आत चारचौघांसमोर तिच्याच गुडघ्यांवरून तिला सुनावलं. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया.

नजरानजर झाली. प्रेमिलाबाईंचा हात घाईघाईने गुडघ्यावर गेला. "आई गं," त्या म्हणाल्या. पण उशीर झाला होता.

आनंदरावांनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि दोघं चालू लागले.

"उद्या विहारात खुर्च्या लावायले सांगतो," आनंदराव म्हणाले. "दोन. तुह्या गुडघ्यासाठी."

"सांगा," त्या म्हणाल्या. "अन् चपला?"

"ज्याच्या त्यानं पाहाव्या."