विरत चाललेला भराव

तर आपला गवंडी, ज्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण वाकडी भिंत दिसली की त्याला घास गिळत नाही, तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता. हातात दोन एक्स-रे. एक ऑपरेशननंतर लगेच काढलेला, एक आत्ताचा.

झालं असं होतं की गुडघ्याखालच्या हाडात त्याला गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण हाड आतून पोखरत होती. डॉक्टरीणबाईंनी ती खरवडून काढली आणि राहिलेल्या पोकळीत कृत्रिम हाडाचे पांढरे दाणे ठासून भरले. ओळंबा खूश. खरवडा, साफ करा, भरा, हे तर त्याचंच काम की. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, "पाणी किती दिवस मारायचं?"

आता त्याने दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या आणि डोळे बारीक करून पाहिलं. जुन्यात भराव कसा पांढराशुभ्र. नव्यात फिका, कडेने तर जवळजवळ नाहीच.

"भराव विरघळला," तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला.

"कशावरून?"

"अगं, दिसतंय ना. माझ्या भिंतीचं असं झालं असतं तर मालकाने परत फोडायला लावली असती."

"तुम्ही भिंतींचे डॉक्टर. पायाच्या डॉक्टर आत बसल्यात, त्यांना विचारा."

पण याच्या डोक्यात सगळं पुढचं सुरू. परत चिरफाड, परत घरात बसणं, आणि बांबूच्या परांचीवर चढायचं तर नावच नको. सकाळी कुबडी नुसती हातात धरून चालत आला होता, ती आता गपचूप काखेत घातली.

"कुबडी कशाला परत?" आत गेल्या गेल्या बाईंनी विचारलं.

"भराव गेला ना बाई. दुखत नाही, पण गेला."

बाईंनी फिल्म दिव्यासमोर लावली, पेन्सिल टेकवली. "जायलाच हवा. त्याच्या जागी काय आलंय ते बघितलंत?"

कडेला जाळीसारख्या बारीक करड्या रेघा होत्या.

"हे तुमचं स्वतःचं हाड. ते जसं येतं तसे दाणे शरीर जिरवतं. गाठ परतली असती तर इथे काळी पोकळी दिसली असती."

ओळंब्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे हा भराव नव्हेच. सेंट्रिंग आहे."

बाईंना कळेना. बायकोने सांगितलं, "स्लॅब ओतताना खालून फळ्या लावतात. स्लॅबने जोर धरला की काढून घेतात."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं की. फळ्या निघाल्या म्हणून मी कधी घाबरलोय का?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पाणी मारायचं विचारत होता."

बायको तोंडावर पदर धरून हसली.

"मग परांची कधी?" त्याने हळूच विचारलं.

"मधलं अजून भरून यायचंय. पुढच्या फोटोनंतर बघू. तोवर जमिनीवरून हात पोचेल तेवढीच भिंत."

निघताना कुबडी बायकोच्या हातात होती. दारात तो थबकला, मान तिरकी करून वर बघायला लागला.

"काय झालं? दुखतंय?"

"चौकट वाकडी बसवलीये."

"चला," बायको म्हणाली.