बावीस दिवसांचा उशीर

चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत तो काचा घासत असे. कागदावरचा नंबर वाचायचा, काच चाकावर धरायची, पाणी सोडायचं, पुन्हा मोजायचं. पाव नंबराचीही चूक त्याच्या हातून होत नसे. मालक त्याला कौतुकाने भिंगोबा म्हणत. असा माणूस एका साध्या वजाबाकीत फसला.

वजाबाकी अशी होती. घटस्फोटाला तीन वर्षं झालेली. सात वर्षांची मुलगी आईकडे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला याने आईच्या खात्यात पोटगी भरायची, असा न्यायालयाचा हुकूम. चार महिन्यांपूर्वी बालसंरक्षण कार्यालयाने मुलीला आईकडून काढून बालगृहात ठेवलं. कार्यालयातल्या बाईंनी याची खोली पाहिली आणि सांगितलं, मुलगी हवी असेल तर तिच्यासाठी वेगळी खोली लागेल. त्याने हिशेब केला: मुलगी आईकडे नाही, मग मुलीच्या पोटाचे पैसे आईकडे कशाला? त्याने पोटगी थांबवली आणि त्याच पैशांत शेजारची खोली भाड्याने घेतली. डिपॉझिट भरलं, लहान पलंग आणला. पैसा मुलीचा होता, मुलीसाठीच लागला.

सोमवारी बाईंनी फाइल त्याच्याकडे फिरवली. त्याच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं: थकबाकीदार.

"हुकूम आईच्या नावाचा आहे," बाई म्हणाल्या. "मुलगी कुठे झोपते ते हुकुमाला कळत नाही. तो बदलून घ्यायचा असतो. तुम्ही तो मनातल्या मनात बदललात."

"मग आता बदलून घेतो."

"तीन महिने लागतात. आणि बदलला तरी पुढच्या हप्त्यांसाठी. मागचं मागेच राहतं."

"माझ्याकडे पावत्या आहेत."

"पलंगाची पावती पोटगीत धरत नाहीत हो."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला दोनदा पाणी विचारलं होतं. पण मुलीने कुठे राहायचं ते ठरवायला गुरुवारी समिती बसणार होती, आणि थकबाकीदाराच्या हाती समिती मूल देत नसे. आईकडे परत पाठवण्याचीही चिन्हं नव्हती. दोघांपैकी कोणीच नाही, तर मुलगी दुसऱ्या गावच्या एका कुटुंबात सांभाळायला जाणार होती.

"एकदा तिथे शाळा सुरू झाली, मूल रुळलं, की सहसा हलवत नाहीत," बाई म्हणाल्या. "पोटगी मात्र तुम्हालाच भरावी लागेल, ती इथे कार्यालयात."

"डिपॉझिट परत घेतलं तर थकबाकी फिटते."

"आणि खोली?"

"खोली जाते."

"मग खोलीचा रकाना रिकामा." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक वाट आहे. या चार महिन्यांवर आपला हक्क नाही, असं आईने लिहून दिलं तर थकबाकी पुसता येईल."

दुकानात परत आल्यावर त्याने मालकांना सगळं सांगितलं. मालक ऐकून म्हणाले, "म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना."

"इथे बाप मीच आहे, मालक."

"तेच तर अवघड आहे, भिंगोबा."

बालगृहात दर रविवारी अर्धा तास भेट मिळे. मुलीचे पुढचे दोन दात मोठे, म्हणून लाडाचं नाव खारू. गेल्या भेटीत तिने बाजूचा पडलेला दात दाखवायला तोंड उघडलं. दात कुठे आहे, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "झाडून टाकला मावशींनी. त्यांना कुठे माहीत, तो माझा आहे?" ते वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवारी दुपारी तो इस्पितळाच्या धुलाईघरात गेला. मुलीची आई तिथे चादरींच्या घड्या घाले. जोडीची बाई जेवायला गेली होती. हिने त्याच्याकडे पाहिलं आणि चादरीचं दुसरं टोक पुढे केलं. त्याने ते धरलं.

"सही हवी आहे," तो म्हणाला.

"हवीच असणार. तू नुसता कशाला येशील?"

त्याने कागदाचं सांगितलं.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की चार महिने पोर माझी नव्हती."

"तुझ्याकडे नव्हती, एवढंच."

"वकील म्हणतो, असं काही लिहून दिलं तर पोर परत मागायचा माझा अर्ज संपला. तिला नेलं ते बरोबरच होतं, असं मीच म्हटल्यासारखं होईल. ओढ नीट, चुण्या पडतात."

त्याने ओढलं. दोघं चार पावलं पुढे आली, टोकं जुळवली, मागे झाली.

"निदान माझ्याकडे येईल. परक्यांकडे तरी जाणार नाही."

"आणि मी कोण?" तिने दुसरी चादर उचलली. "पोरीला घरात ठेवून कुलूप मी लावलं, नाही म्हणत नाही. एकला लावलं, पाचला उघडणार होते. डबा ठेवला, पाणी ठेवलं. ही खिडकीतून शेजारणीला सांगते, आज घराची मालकीण मी आहे. झालं, तिने कार्यालयात फोन केला."

"रविवारी जादा पाळी घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

"घरमालकाने. भाडं थकलं होतं. त्या महिन्यात तुझे पैसे किती तारखेला आले, आठवतं?"

सत्तावीस. आठवायला काही लागत नव्हतं. त्या महिन्याच्या पाच तारखेआधीच्या रविवारी मुलीला ताप आहे म्हणून तिने भेटीला पाठवलं नव्हतं. बहाणा आहे, असं त्याने ठरवलं. जरा चटका बसू दे, म्हणून पैसे थांबवले आणि दुकानातला पगार लांबलाय असं तिला कळवलं.

"पगार लांबला नव्हता," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. तेव्हाच मी तुझ्या मालकांना विचारलं होतं."

"मग कार्यालयात सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. पुरावा मागितला. नवरा पैसे देत नाही म्हणून सांगणाऱ्या दहा बायका तिथे रोज येतात." तिने घडी ढिगावर ठेवली. "काचेवरचा चरा तुला बरोबर दिसतो. तुझी बारीक नजर काचेपुरतीच."

जोडीची बाई जेवून आली. त्याने चादरीचं टोक तिच्या हाती दिलं.

बुधवारी तो कार्यालयात बाईंसमोर एक कागद घेऊन बसला.

"इथे नुसत्या तारखा आहेत," बाई वाचून म्हणाल्या. "बावीस दिवस उशीर. तो आम्हाला बँकेच्या कागदांतही दिसतो. कारण?"

त्याने खिशातलं पेन काढलं.

"कारण लिहिलंत की तुमचा अर्ज संपला, हे कळतंय ना? ज्याचा हप्ता अडचणीने थकला तो माणूस वेगळा, ज्याने मुद्दाम थकवला तो वेगळा. हे कायमचं फाइलला राहतं."

"आणि तिचा?"

"तिचा उभा राहील. टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण आईची नव्याने चौकशी करावीच लागेल. तोवर मुलगी बालगृहात, गावाबाहेर नाही."

"उद्या तिला नेणार नाहीत."

"उद्या नाही."

त्याने कागद ओढून घेतला आणि तारखांखाली चार ओळी लिहिल्या. पैसे खात्यात होते. पगार वेळेवर झाला होता. मुलीला भेटीला पाठवलं नाही म्हणून रागाने थांबवले. त्यामुळे तिच्या आईला रविवारी कामावर जावं लागलं. खाली सही केली. बाईंनी शिक्का मारला आणि त्याच्या थकबाकीची फाइल उघडली.

"थकबाकी कशी फेडणार? लिहून घ्यावं लागतं."

"मालक जादा काम देतील."

"कधी?"

"दुकान बंद असतं तेव्हा. रविवारी."

बाईंचं पेन थांबलं. भेटीचा वार त्यांना ठाऊक होता. त्यांनी त्या ओळीत 'जादा काम' असं लिहिलं, वाराची जागा कोरी सोडली आणि सहीसाठी फाइल त्याच्यापुढे सरकवली.