बाबांच्या वजनाचे झोके

आमच्या खेळबागेसमोर सरकारी बाग उघडली, तीही फुकट! रबरी जमीन, नागमोडी घसरगुंडी, कारंजं. आमच्याकडे काय, तर सहा झोके, एक खडखडणारी चक्री आणि तिकीटखिडकीत बसून विणकाम करणारी आई. दोन महिन्यांत तिचे तीन स्वेटर विणून झाले, आता काय ते ओळखा.

शेवटी बाबा म्हणाले, "रविवारी पार्किंगवाला जागा बघायला येतोय. बस झालं."

मी याच बागेत चालायला शिकलेय!

शनिवारी सकाळी बाबा नेहमीसारखे झोके तपासत होते. म्हणजे प्रत्येक झोक्यावर स्वतः बसून उंच झोके घ्यायचे. वजन पंच्याण्णव किलो. "झोक्याने मला पेललं, तर कुणालाही पेलेल," हा त्यांचा नियम. लाज वाटते म्हणून तेवढा वेळ फाटक बंद. त्या दिवशी मी ते लावायलाच विसरले.

फाटकात एक आजी, नातवाचा हात धरून, बाबांकडे टक लावून उभ्या! बाबा लालेलाल. थांबायला बघतात, पण पंच्याण्णव किलो असे पटकन थांबतात होय?

"अहो, इथे मोठ्यांना बसू देतात?" आजींनी विचारलं. "समोर तर नुसतं टेकलं तरी शिट्टी वाजते."

"या की आजी!" मी ओरडले.

पाच मिनिटांत आजींची एक चप्पल कुंपणापलीकडे. नातू भोकाड पसरून, "आजी, आता मी!"

"थांब रे मेल्या, आत्ताच तर बसलेय!"

मी लगेच पाटी रंगवली: 'मोठ्यांनी रडू नये. इथे तुम्हालाही झोका मिळेल.'

"अगं, लोक हसतील!" बाबा म्हणाले.

"मग बागेत काय रडायला येतात?"

शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालन केल्यापासून माझा आवाज असा सुटलाय की विचारू नका. समोरच्या फाटकाशी उभी राहून संध्याकाळपर्यंत पाटी वाचत होते.

रविवारी काका, मावश्या, आजोबा, सगळ्यांची ही रांग! आईने सुया बाजूला ठेवल्या. पार्किंगवाला टेप घेऊन आला, तेव्हा त्याला उभं राहायलाही जागा नव्हती.

"मग जागेचं काय?" त्याने विचारलं.

"भरलीये, दिसत नाही का?" बाबा म्हणाले. "झोका हवा असेल तर रांगेत या."

आला की! दोनदा बसला, आणि टेप विसरून गेला. आईने त्याच टेपने बाबांच्या स्वेटरचं माप घेतलं.