घोड्याचा टॉवेल

महिन्याभरात तिसऱ्यांदा लेकीचे डोळे सकाळी चिकटून बसले, तेव्हा मी तिला उचलून दवाखाना गाठला. दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण घरातच होतं. सासूबाईंना लहानपणी डोळ्यांच्या खुपऱ्या झाल्या होत्या; पापण्यांचे केस आत वळले ते कायमचे. शिवणकाम करताना त्यांचे डोळे सारखे पाझरतात आणि त्या कमरेचा रुमाल काढून टिपत राहतात.

दवाखान्यातल्या नर्सने औषध दिलं आणि बजावलं, तोंड-हात दोनदा नीट धुवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. मी पुस्तकी हुशार. दोनदाचं चारदा केलं. लेक नळ दिसला की पळायला लागली. एकदा तर नुसती बट ओली करून 'धुतलं' म्हणत समोर उभी राहिली, ओठांवर दुधाची मिशी तशीच.

डोळे मात्र सुधारेनात. मग मी पाळत ठेवली. मी धुऊन सोडलं की लेक ओल्या तोंडाने आजीकडे धावायची, आणि आजी मायेने त्याच कमरेच्या रुमालाने तिचं तोंड पुसायची.

आता हे बोलायचं कुणी? नवरा म्हणाला, तूच सांग, आई तुझं ऐकते. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची. दोन दिवस वाक्यं जुळवण्यातच गेले.

तिसऱ्या दिवशी रुमाल पुढे आला, तसा लेकीने आजीचा हात हळूच बाजूला केला.

"आजी, हा तुझ्या डोळ्यांचा. माझा घोड्याचा असतो."

बालवर्गात प्रत्येकाच्या खुंटीवर चित्र आहे, तिच्या खुंटीवर घोडा. आपलं तोंड आपल्याच टॉवेलाला, हे बाईंनी तिथे शिकवलेलं.

सासूबाई उठल्या आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसल्या. जेवायलाही आल्या नाहीत. दुपारभर मशीनची खडखड चालू, आणि माझा जीव टांगणीला. संध्याकाळी त्यांनी चार छोटे टॉवेल माझ्यापुढे ठेवले, प्रत्येकाला अडकवायला बंद. लेकीच्यावर घोडा होता. जरा गाढवासारखा दिसत होता, पण मी गप्प बसले. चौथ्याला जाड लाल काठ.

"लाल माझा. लांबून दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आम्ही पाच भावंडं एकाच फडक्याला तोंड पुसायचो. सांगणारं कुणी नव्हतं गं. आता घरातच आहे, चार वर्षांचं."

पुढच्या तपासणीला नर्सने लेकीच्या पापण्या उलटून पाहिल्या. डोळे स्वच्छ होते.

हल्ली सकाळी नळावर दोघी असतात. काल ऐकलं, लेक म्हणत होती, "आजी, डोळे मीट, साबण झोंबेल. नाकाजवळ राहिलंय बघ." आणि जिच्यापुढे दोन दिवस माझं तोंड उघडलं नव्हतं, ती बाई निमूटपणे पुन्हा तोंड धूत होती.

मी दाराआडून बघत राहिले. लेक माझी आहे. आणि सासूही माझीच.