रंगवलेली दोरी

माझे मामा सुतार होते. पुढची हकीकत मला मामींनी सांगितली, आणि मामी खोटं बोलत नसत. दम्यामुळे तेवढा श्वासच पुरत नसे.

त्यांच्या खोलीला एकच खिडकी, वरखाली सरकणारी. मामांनीच केलेली. चौकटीच्या दोन्ही अंगांना पोकळ पेट्या, त्यांत शिशाची वजनं, वजनांच्या दोऱ्या कप्पीवरून येऊन काचेच्या झडपेला बांधलेल्या. झडप आणि वजनं तोलाला सारखी, म्हणून ती एका बोटाने वर जायची आणि सोडाल तिथे थांबायची. मामांचं चुकलं एवढंच, की रंग देताना हात आवरला नाही. दोऱ्यासुद्धा रंगवल्या. रंगाने दोरी वाळक्या काडीसारखी होते.

भर दुपारी मामींना धाप लागली. मामांनी झडप उचलली, तशा दोन्ही दोऱ्या कटकन तुटल्या आणि वजनं पेटीच्या तळाशी गेली. पेटीचं झाकण? तेही रंगाखाली चिकटलेलं. काच फोडावी तर खालीच मामींची खाट. दार सताड उघडं, पण बाहेर कोंदट जिना.

मामांनी झडप खांद्यावर तोलून धरली. सोडली की बंद.

"अहो... टेकू..."

"अगं, सुताराच्या घरात टेकू कुठला! सगळं लाकूड गिऱ्हाइकांकडे."

शेवटी उशाशी पडलेलं मामींचं जुनं लुगडं झडपेला बांधून, दुसरं टोक वरच्या तुळईवरून घेऊन मामांनी कमरेला बांधलं आणि स्वतःच लटकले. पण मामा म्हणजे अगदी पाप्याचं पितर! झडप इंचाइंचाने खाली येऊ लागली, मामा वर. खिशांत हातोडी, पक्कड, खिळ्यांचा डबा कोंबला. झडप बोटभर चढली. खाटेजवळचा तांब्या ओढून घटाघटा प्याले. आणखी अर्धं बोट. मामींचे ओठ निळे पडत चालले होते.

"देवा, मला जड कर रे," म्हणत मामा ढसाढसा रडायला लागले. तेवढं पाणी डोळ्यांतून गेलं आणि झडप पुन्हा खाली!

"रडू... नका," मामी म्हणाल्या. "हलके... होता."

आठवडाभर अंथरूण न सोडलेल्या मामी खाट धरून उठल्या आणि नवऱ्याच्या पायांना मिठी मारून लोंबकळल्या. झडप सर्रकन वर गेली. वारा आत घुसला.

संध्याकाळी शेजारीण डोकावली, तेव्हा दोघं तशीच लटकलेली.

"अगंबाई! हे काय, वहिनी?"

मामींनी छातीभर श्वास घेतला. "काही नाही गं, यांचं वजन कमी पडत होतं. आधी एक टेकू आण, मग आम्हाला उतरव."