नुसता मुरगळलाय

"मुरगळलेला पाय आठवड्यात चालाया लागतो. आत्याबाईंचा पाय काय माहेरपणाला गेलाय का?"

टँकरवरून आणलेला हंडा दणकन ठेवत ज्ञानेश्वरी पुटपुटली. तिनं ते हंड्यालाच सांगितलं होतं, पण मधला पत्रा काही गोष्ट पोटात ठेवणारा नव्हता. पत्र्याअलीकडे बाजेवर पडलेल्या राजाबाईला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. सुनेचा तिला राग आला नाही. पोरगी ऐकलेलंच बोलत होती. पाय मुरगळलाय, हे या घरात पहिल्यांदा बोलला तो त्रिंबक, राजाबाईचा नवरा. आणि पाय माणसाचा असो की मेंढराचा, त्रिंबकच्या शब्दावर हर्सुलात कुणी दुसरा शब्द काढत नसे.

पावसानं तोंड फिरवल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. तळ्याचा तळ उघडा पडला होता आणि त्यातलं तणकट हाच काय तो मेंढरांचा चारा. तिकडं जायची जुनी वाट एका प्लॉटिंगवाल्यानं चर खणून अडवली. मेंढरांनी चर ओलांडला, मागून राजाबाईनं उडी टाकली, आणि टाचेमागं फाटकन आवाज झाला. कुणी दगड मारला म्हणून ती शिव्या देतच मागं वळली. मागं कुणी नव्हतं. नुसता बोर्ड उभा होता, 'निसर्गाच्या कुशीत आपलं घर.'

त्या संध्याकाळी त्रिंबकनं तेल चोळायला घेतलं. टाचेच्या वर त्याचा अंगठा एकदम आत गेला, पिकलेल्या पपईत जावा तसा. तो थांबला. मग म्हणाला, नुसता मुरगळलाय, आणि तेलाची वाटी सुनेच्या हातात देऊन बाहेर गेला. तेव्हापासून त्यानं त्या पायाला हात लावला नव्हता.

घरानं मात्र हयगय केली नाही. हळद झाली, विटेचा शेक झाला, काळा दोरा झाला. रामहरीला कंपनीत सुट्टी मिळाली की तो आईला घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवणार होता, आणि सुट्टी काही मिळत नव्हती. राजाबाई फताड्या पावलानं फरफटत मोरीपर्यंत जायची. चवड्यावर उभं राहून फळीवरचा डबा काढायला गेली की पाय खालून निघूनच जायचा. आल्यागेल्याला त्रिंबक सांगायचा, आमच्या घराची शीर हाय ती, तिच्यावर सगळं उभं हाय, हप्त्याभरात बघा कशी पळंल. पूर्वी हे ऐकून राजाबाई पदर तोंडाला लावून हसायची. आता हे ऐकलं की तिला तेलाची वाटी फेकून मारावीशी वाटायची.

त्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून येताना रामहरी कळपामागं राहिलेली एक लंगडी मेंढी खांद्यावर घालून आला. तारेत पाय अडकला होता. त्रिंबकनं तिला आडवी केली आणि मागच्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली. खूर हलला. त्याचा चेहराच उजळला.

"शाबूत हाय शीर," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे हिला."

ही पारख घरात सगळ्यांना ठाऊक होती. पोटरी दाबल्यावर खूर हलला तर जनावर दावणीला, लोंबकळत राहिला तर छावणीच्या बाजारात कसायाकडं. यात त्रिंबक कधी चुकला नव्हता, की कुठल्या जनावराच्या बाबतीत त्यानं चालढकल केली नव्हती. ज्या रात्री ताप असतानाही तो परक्याच्या मेंढीसाठी उठून गेला, ती रात्र राजाबाईला आठवली.

ती बाजेवर पालथी झाली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढलं. दोन्ही पावलं बाजेच्या कडेबाहेर सोडली.

"अवो, हिकडं या. दाबा."

सुनेसमोर हे काय, असं त्रिंबक पुटपुटला. मेंढीला पाणी दाखवायचं होतं, दावं बदलायचं होतं, त्याला कामंच कामं आठवली.

"मेंढीला पंधरा दिस थांबवलं असतं का?" राजाबाईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ज्ञानेश्वरी हातातलं टाकून दारात आली.

त्रिंबक बाजेपाशी बसला. आधी त्यानं चांगल्या पायाची पोटरी दाबली. पाऊल टुणकन हललं. मग दुसरी धरली, दाबली. पाऊल लोंबत राहिलं. पुन्हा दाबली. फडक्यागत लोंबत राहिलं.

"नीट दाबलं नसल, आबा," रामहरी म्हणाला. त्याची नजर बाहेरच्या कळपावर होती.

ज्ञानेश्वरीनं तोंडाला हात लावला. राजाबाईनं उशीतून मान वळवली नाही.

"मेंढराचं सांगता तसं सांगा," ती म्हणाली.

त्रिंबकनं पाऊल दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं.

"तुटलीय. पयल्याच दिशी कळलं व्हतं मला. तू कायमची बसलीस तर मेंढरांमागं कोण जाईल, म्हणून बोललो नाय."