काशीराम धुरीच्या मरणाचा नारळ

रुक्मिणीच्या नवऱ्याला मरायचं होतं आणि चाळ त्याला मरू देत नव्हती. एवढीच गोष्ट आहे.

नवऱ्याचं नाव काशीराम धुरी. मालवणकडचा. तीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणत उभा राहिला आणि संपात जो बसला तो बसलाच. पोटात कॅन्सर निघाला तेव्हा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलनं 'घरी न्या, तीन महिने' असं सांगून हातात औषधांचा कागद दिला. दहिसर नदीकाठच्या त्या एका खोलीत आता पाचवा महिना चालू होता. दुखणं उठलं की काशीराम उशी चावायचा. दोन उशा फाडून झाल्या. कापूस रुक्मिणी वेचायची. तिसरीला तिनं तरटाची खोळ शिवली, तर म्हणतो कसा, "गो, हिची चव बरी नाय."

माणसं बघायला यायची. आजारी माणूस म्हणजे आपल्या लोकांना फुकटचा सिनेमा, वर चहा. कुणी पपईच्या पानांचा रस सांगायचा, कुणाचा मेहुणा गोमूत्रानं ठणठणीत झालेला असायचा. चहा संपला की तो मेहुणाही उठून जायचा. कापूस वेचायला कुणी थांबलं नाही.

शहाऐंशी सालातल्या एका सकाळी काशीरामनं पेपर वाचला आणि उठून बसला. बऱ्या न होणाऱ्या माणसाला जबरदस्तीनं ताटकळत ठेवू नये, असं बिल विधान परिषदेत मांडलं गेल्याची काहीतरी बातमी होती.

"माका हो कायदो लावा," तो म्हणाला.

चाळ कमिटीचा सेक्रेटरी राजाराम तेव्हा चहाला हजर होता. "काका, बिल म्हणजे कायदा नव्हे. ते आधी कमिटीकडे जाणार. आपला संडासाचा अर्ज चार वर्षं कमिटीकडेच आहे."

मग काशीरामनं डॉक्टरला धरलं. मार्तंड डॉक्टरचा दवाखाना नाक्यावर होता आणि रोज सकाळी तो इंजेक्शन द्यायला यायचा.

"एकदाच काय ता मोठा इंजेक्शन दे आणि सोडव."

"मी प्राण वाचवायची शपथ घेतलीय, काशीराम."

"मग वाचव ना! वाचवूक जमत नाय, तर सोड."

"तीनशे दोन लागेल मला. खून म्हणतात त्याला."

हॉस्पिटलच्या कागदावर दुखण्याचं इंजेक्शन पुरं, दिवसातून चार वेळा लिहिलं होतं. डॉक्टर द्यायचा अर्धं, तेही एकदा. का, तर सवय लागते! रुक्मिणी मनात म्हणायची, सवय लागून हा कुठे जाणार आहे, गुत्त्यावर? पण डॉक्टरसमोर आपल्या बायका बोलत नाहीत. तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत शिरतो.

त्यानंतर कुंडलिकची पाळी आली. कुंडलिक काशीरामच्या बाजूच्या साच्यावरचा, जुना दोस्त, मूळचा सोलापूरकडचा, आता मरोळला एका कारखान्यात वॉचमन.

"कुंडल्या, झोपेच्या गोळ्या आण. मूठभर."

"काशा, येडा झाला का रे तू? तुझ्यासाठी गेटवर लाठ्या खाल्ल्या मी."

"तुका लाठ्या चालतंत, आणि माका साधी गोळी देऊक होत नाय!"

"नाय होत. माणूस मारायला शिकलोच नाय मी. शिव्या घाल पायजे तर." काशीरामनं घातल्या. अर्धा तास. कुंडलिकनं ऐकून घेतल्या आणि त्याचे पाय दाबत बसला.

शेवटी काशीरामनं रुक्मिणीला विचारलं. "तू तरी व्हय म्हण गो." रुक्मिणी हंडा घेऊन नळावर गेली. नळाला पाणी नव्हतं. तरी ती तिथं तासभर उभी राहिली. होय म्हटलं तर आपणच नवरा मारला, नाही म्हटलं तर रोज आपणच त्याला चावायला उशी देतो. यातलं कमी पाप कुठलं, हे सांगणारा माणूस त्या चाळीत नव्हता आणि परिषदेतही नव्हता.

माणसं संपली, तेव्हा काशीरामनं वरचं कोर्ट गाठलं. गाऱ्हाणं!

कोकणी माणसाच्या घरात नारळ ठेवल्याशिवाय आणि गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही. एकानं देवाला हाक मारून मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला एका सुरात 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूचा. आवाज असा की म्हशी मान वर करायच्या.

"अरे, गाऱ्हाण्यात कोण मरान मागता?" धोंडू हादरला.

"कोण आयकता रे? गेल्या शिमग्याक तू मधीच घुसवलंस, माझी छत्री कोणी नेली ती परत मिळू दे म्हाराजा. पंचवीस जण व्हय म्हाराजा म्हणाले. छत्री नेणारो पण म्हणालो. तसाच माझा मरान घुसव. आणि नाय म्हणशीत, तर मेल्यावर भूत होऊन तुझ्याच खोलीत ऱ्हवतलंय."

धोंडूची खोली नऊ बाय दहाची, माणसं सात. भुताला जागा नव्हती. तो कबूल झाला.

रविवारी दहा वाजता खोली भरली, दारात चपलांचा ढीग पडला. मार्तंड डॉक्टर बॅग घेऊन आला, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. कुंडलिक उंबऱ्याबाहेर, हात मागे बांधून. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. दर गाऱ्हाण्याला यायचा, प्रसादाचं खोबरं खायचा, पण व्हय म्हाराजा कधी म्हणाला नव्हता. रुक्मिणी नवऱ्याच्या पाठीला हात लावून बसली. हाताला नुसती हाडं लागत होती.

धोंडूनं डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या धुरीच्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी काय इडापिडा आसात, ती भायल्या भायर घालव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या काशीरामाक शंभर वर्षांचा आयुष्य दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धोंडूची जीभ तीस वर्षांच्या सवयीनं आपली वाट धरून गेली होती. नारळ फुटलासुद्धा.

"गाढवा!" काशीराम ओरडला. पाच महिन्यांत एवढा आवाज निघाला नव्हता. "शंभर? माका एकसष्टावा चालू हा! अजून चाळीस वर्षां उशी चावू? परत घे!"

"परत कसा घेऊ? देव काय वाणी हा?"

"मंजूर झालं म्हणजे झालं," राजाराम म्हणाला. "फार तर दुरुस्ती सुचवता येईल."

बरीच हमरीतुमरी झाली. दुरुस्तीला दुसरा नारळ लागणार, असं ठरलं. घरात एकच उरला होता, रविवारच्या कालवणाचा. रुक्मिणीनं तो आणून ठेवला.

धोंडूनं पुन्हा डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा... मगाशी बोललंय ता चुकीक पडला. ह्या काशीरामाक... आता ह्येच्या दुखण्यातसून सोडव. सुखाचा मरान दे म्हाराजा."



पंचवीस माणसं, जी छत्रीलासुद्धा हो म्हणाली होती, ती पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागली. एकेकाची मान हळूहळू दाराकडे वळली. सगळे कुंडलिककडे बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघताय?" कुंडलिक तडकला. "देव नाय म्हणून मी तीस वर्षं बोंबलतोय. आज नेमके सगळे माझ्या पार्टीत आले व्हय रे? इतके दिवस खोबरं खाताना कुठं होता?"

काशीरामचं दुखणं उठलं. त्यानं उशीकडे हात नेला. रुक्मिणीनं ती त्याच्या हाताला लागू दिली नाही.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

एकटीच. मोठ्यानं, सरळ. धोंडूचा आ वासला. ती थांबली नाही, त्याच सुरात पुढे ओरडली, "आणि देव येयपर्यंत ह्या डॉक्टरान कागदावर लिवलाहा तेवढा इंजेक्शन देऊचा! पुरा! चारी वेळा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" खोली हादरली. सुटलो एकदाचे, म्हणून सगळे बेंबीच्या देठापासून ओरडले. मार्तंड डॉक्टरही ओरडला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"अहो, पण एवढ्या अशक्त माणसाचा श्वास मंदावू शकतो. झोपेतच काही झालं तर?"

"आयकलंय मी," काशीरामनं दंड पुढे केला. "मी आयकलंय, तिना आयकला, पंचवीस जणांनी आयकला. दी."

डॉक्टरनं पुरं इंजेक्शन भरलं. पाच महिने तो सवयीला भीत नव्हता, स्वतःच्या मानेसाठी भीत होता. माणूस भितो, त्यात लाज नाही. पण आपल्या भीतीला औषधाचं नाव कशाला देता?

काशीराम झोपला. लोक पांगले. रुक्मिणी त्याच्या नाकासमोर हात धरून बसली. दुपारच्याला डॉक्टर दुसरं द्यायला आला, तो झोप बघून श्वास मोजत बसला. पाच वाजता काशीरामनं डोळे उघडले.

"मेलंय मी?"

"नाय."

"तू व्हय म्हटलंस ना?"

"म्हटलंय."

"एकटीच? मग एका मतान कसो पास होतलो? राजाराम म्हणता, कोरम लागता." मग त्यानं पोटावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. "गो... दुखत नाय."

रुक्मिणी चुलीकडे वळली. नाक वर ओढलं. ताट आणून पुढे ठेवलं.

"ह्या काय?"

"कालवण."

"नारळ खयचो?"

"दुसरो."

"माझ्या मरणाचो नारळ माकाच खावक घालतंस?"

"देवाचो प्रसाद हा. गप जेवा."

तो चार घास जेवला. वर मीठ कमी आहे म्हणून शिवी दिली.

त्यानंतर काशीराम एकोणीस दिवस जगला. एकही उशी फाडली नाही. विसाव्या दिवशी दुपारी झोपेतच गेला, तेव्हा गाऱ्हाणं पावलं म्हणून धोंडू सांगत सुटला आणि आपण काहीच केलं नाही म्हणून डॉक्टर सांगत सुटला. रुक्मिणीला कुणी विचारलं नाही.

तिनं तिसऱ्या उशीची तरटाची खोळ उसवली, धुतली आणि उंबऱ्यात पायपुसणं म्हणून टाकली. समाचाराला आलेल्या सगळ्यांनी तिच्यावर पाय पुसले आणि चहा मागितला.